सिंगल-बोर्ड संगणकातील वीजखंड : निदान आणि उपाय

प्रोसेसर, मेमरी आणि जोडणीची सगळी तोंडे एकाच छोट्या बोर्डावर असलेल्या संगणकाची वीज अचानक जाणे, क्षणभर डगमगणे किंवा सतत कमी दाबाने येणे, आणि त्यामुळे संगणक अडकणे, आपोआप पुन्हा सुरू होणे किंवा साठवलेली माहिती बिघडणे, हा या नोंदीचा विषय आहे. २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय आणि त्यानंतरचे बीगलबोन ब्लॅक, ऑरेंज पाय यांसारखे बोर्ड स्वस्त आणि आटोपशीर आहेत. पण त्यांच्यात लॅपटॉपसारखी बॅटरी नसते आणि ‘शट डाउन’ न करता प्लग उपटण्याची मोठी सवय त्यांच्या वापरणाऱ्यांना असते.

पुण्यात असे बोर्ड सोसायटीच्या टाकीतली पाण्याची पातळी पाहायला, कॅमेऱ्याचे चित्रण साठवायला, मावळातल्या पॉलिहाउसचे तापमान नोंदवायला, आणि अर्थातच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत वापरले जातात. इथल्या विजेचे काही ठरलेले स्वभाव आहेत. देखभालीसाठीचा गुरुवार पुणेकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्या दिवशी वीज सांगून जाते. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवात फांदी तारेवर पडली की ती न सांगता जाते आणि पूर्ण येण्याआधी दोन-तीनदा येते-जाते. जनरेटर असलेल्या सोसायटीत एका खंडाचे दोन होतात. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद हा पहिला, आणि लाइन परत आल्यावर उलट बदल होतानाचा दुसरा. दुसऱ्या झटक्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही, कारण तोवर ‘लाइट आली’ म्हणून सगळे निश्चिंत झालेले असतात.

बोर्ड बंद पडला की पहिला आळ एसडी कार्डावर, म्हणजे बोर्डाची कार्यप्रणाली आणि माहिती साठवणाऱ्या छोट्या कार्डावर, येतो. नवे कार्ड आणले जाते, आठवडाभर सुरळीत चालते, मग तेही जाते. अशा वेळी कार्ड हा बहुतेकदा बळी असतो, कारण नव्हे. म्हणून तपास कार्डापासून नव्हे, बोर्डाला प्रत्यक्ष किती व्होल्ट मिळतात इथून सुरू करावा.

रास्पबेरी पायवर सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली दाब घसरला की कमी दाबाची सूचना निघते. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह चमकते. पडदा नसलेल्या बोर्डावर ‘व्हीसीजेनसीएमडी’ ही आज्ञा ‘गेट थ्रॉटल्ड’ या पर्यायासह द्यावी. उत्तर शून्य आले तर दाबाची तक्रार नाही. ०एक्स५०००० आले तर बूट झाल्यापासून केव्हातरी दाब घसरला होता आणि प्रोसेसरचा वेग आवरला गेला होता. शेवटचा आकडाही ५ असेल, म्हणजे ०एक्स५०००५, तर ते याच क्षणी घडते आहे. पुन्हा सुरू केल्यावर ही आठवण पुसली जाते. त्यामुळे बोर्ड विचित्र वागू लागला की रीस्टार्ट करण्याआधी हा आकडा टिपून घ्यावा. ही एक सवय लागली तर निम्मी चाचपड वाचते.

मल्टिमीटर लावायचा तो बोर्डावरच्या ४० पिनांपैकी २ किंवा ४ क्रमांकाच्या (५ व्होल्ट) आणि ६ क्रमांकाच्या (ग्राउंड) पिनेवर, अडॅप्टरच्या तोंडाशी नव्हे, आणि तोही बोर्डावर पूर्ण भार असताना. शेजारच्या पिना एकमेकींना टेकणार नाहीत एवढी काळजी घ्यावी. दोन्ही टोकांच्या मोजमापांतला फरक केबल खाते. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात; आकडा मोठा तितकी तार बारीक. ‘२८ गेज’च्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.२१ ओहम असतो. जाण्या-येण्याच्या दोन तारांचा ०.४३. दीड अँपिअर प्रवाहाला तिथे सुमारे ०.६४ व्होल्ट गळतात, म्हणजे अडॅप्टर ५.१ व्होल्ट देत असला तरी बोर्डापाशी ४.४६ पोहोचतात. तीच केबल ‘२० गेज’ची असेल तर गळती ०.१ व्होल्ट. फोन चार्ज करताना ही गळती जाणवत नाही, फोन फक्त हळू चार्ज होतो. बोर्डाला मात्र तशी सवलत नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत केबल घेताना तिच्या रंगापेक्षा तारेच्या जाडीची चौकशी करावी, आणि ती आखूड घ्यावी.

अडॅप्टरबद्दलचा एक गैरसमज फार पसरलेला आहे. ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर लावला म्हणजे वीज भरपूर मिळाली असे वाटते. पण असे चार्जर ५ व्होल्टला साधारणपणे ३ अँपिअरच, म्हणजे १५ वॉट देतात. बाकीचे वॉट ९, १५, २० व्होल्टचे असतात आणि हे बोर्ड ते मागतच नाहीत. रास्पबेरी पाय ४ ला ३ अँपिअर पुरतात. पाय ५ साठी ५ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे. ३ अँपिअरचा लावल्यास बोर्ड यूएसबी उपकरणांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो आणि बाहेरची हार्ड डिस्क मधूनच निसटते. जुन्या बोर्डांवरही डिस्क फिरू लागतानाचा प्रवाह दाब खाली खेचतो. असे क्षणाचे खड्डे मल्टिमीटरला दिसत नाहीत. तिथे ‘गेट थ्रॉटल्ड’चा आकडाच कामी येतो.

दाब ठीक असूनही कार्ड बिघडत असेल, तर वीज पूर्ण जाण्याचा परिणाम तपासावा. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत माहिती मोठ्या गठ्ठ्यांनी पुसली जाते. एक छोटी फाइल लिहितानाही कार्डातला नियंत्रक शेजारचा मजकूर दुसरीकडे हलवतो आणि कुठे काय ठेवले याचा आपला नकाशा बदलतो. नेमकी तेव्हा वीज गेली तर महिनोन्‌महिने हात न लावलेली फाइलही नाहीशी होऊ शकते. लिनक्सच्या ‘ईएक्सटी४’ फाइलप्रणालीचे जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) फाइलप्रणालीची स्वतःची मांडणी सावरते; कार्डाच्या आतला नकाशा त्याच्या हाती नसतो.

त्यामुळे लिहिणेच कमी करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. रास्पबेरी पायच्या ‘रास्पी-कॉन्फिग’ या मांडणी बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू केली की सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि कार्ड केवळ वाचले जाते. किमती नोंदी मात्र यात वीज जाताच पुसल्या जातात, म्हणून त्या नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवाव्यात किंवा वेगळ्या ड्राइव्हवर लिहाव्यात. टाकीची पातळी दाखवणाऱ्या बोर्डाला एवढे पुरते. चित्रण साठवणाऱ्याला पुरत नाही. त्याला बॅटरी हवीच.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक ‘१८६५०’ आकाराचा लिथियम सेल ३.७ व्होल्टला सुमारे ९.६ वॉट-तास देतो. दाब ५ व्होल्टपर्यंत चढवण्यातली घट धरून साधारण ८ उरतात. ४ वॉट घेणारा बोर्ड त्यावर दोन तास चालतो. गुरुवारचा दिवसभराचा खंड त्याने निघत नाही. पण तो तसा काढायचाही नसतो. बॅटरी संपत आल्याचा संकेत एखाद्या पिनेवर घेऊन बोर्डाने स्वतःहून नीट बंद होणे, एवढेच तिच्याकडून हवे असते. हा संकेत न जोडता नुसती बॅटरी बसवली तर अचानक बंद पडणे दोन तास पुढे ढकलले जाते, इतकेच. सुपरकपॅसिटरने (थोडी वीज साठवून झटपट देणाऱ्या घटकाने) काय साधते तेही पाहावे : १० फॅरडचा संच ५ व्होल्टवरून ४.६३ पर्यंत उतरताना जेमतेम १८ जूल देतो, म्हणजे ४ वॉटच्या बोर्डाला चार-साडेचार सेकंद. क्षणभराचा झटका झेलायला ते पुष्कळ आहेत, ‘शट डाउन’ पूर्ण व्हायला बहुधा अपुरे. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याची कळ ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते पाहावे. दुसऱ्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ पंखा-ट्यूबला चालतो, छोट्या अडॅप्टरला चालेलच असे नाही.

वीज परत आल्यावरच्या तक्रारी निराळ्याच असतात. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर वीज गेल्यावरही चालत राहणारे घड्याळ नसते (पाय ५ वर आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते). वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते, पण बोर्ड अर्ध्या मिनिटात उठतो तेव्हा राउटर अजून जागा होत असतो. मग वेळ मागच्या कुठल्या तरी क्षणावर अडकलेली राहते, नोंदींवर चुकीच्या तारखा पडतात, आणि कधी सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू नाहीत’ म्हणून नाकारली जातात. लोक इंटरनेट तपासत बसतात. दोष घड्याळात असतो. ‘डीएस३२३१’ घड्याळाचे छोटे मॉड्यूल आणि नाण्याएवढा सेल यावर पुरतो. आपला प्रोग्रॅम घड्याळ जुळल्यावरच सुरू व्हावा, अशी सोयही सिस्टीमडीमध्ये (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) करता येते.

वीज आली, दिवा लागला, पण बोर्ड उठतच नाही, असे झाले तर स्वतंत्र अडॅप्टरवर चालणाऱ्या यूएसबी हबकडे पाहावे. हबची वीज बॅकअपवर असेल आणि तो ती उलटी बोर्डात सोडत असेल, तर बोर्ड धड बंद होत नाही आणि धड सुरूही होत नाही. हब काढून, बोर्डाचा प्लग दहा सेकंद उपटून पुन्हा लावल्यावर तो लगेच उठला, तर दोष सापडला.