हिमोग्लोबिनचे तुकडे आणि मेंदू: पार्श्वभूमी

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत हिमोग्लोबिनशी पहिली गाठ पडते ती बहुधा आरोग्य उपकेंद्रात. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात मिसळतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा संशय येतो, मग इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) करून एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) ते ठरतं. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. तेव्हापासून आपल्याकडे हे प्रथिन आजाराच्याच नावाने ओळखलं जातं. ते तुटल्यावर त्याच्या तुकड्यांचं काय होतं, हा प्रश्न गेली चाळीस वर्षं अभ्यासला जातोय. सिकलसेलच्या पट्ट्यात तरी ही हकिकत माहीत असायला हवी.

सुरुवात १९७५ ची. अ‍ॅबरडीनमध्ये जॉन ह्यूझ आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत एन्केफॅलिन सापडलं. ते पाच अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची छोटी साखळी असून अफूतलं मॉर्फिन जिथे चिकटतं तिथेच चिकटतं. मग असे पदार्थ आणखी कुठे आहेत याचा शोध सुरू झाला. जर्मनीत व्हिक्टर ब्रांटल आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दुधाच्या केसीन या प्रथिनातून आणि १९८६ मध्ये गाईबैलांच्या रक्तावर विकराची (एन्झाइमची) प्रक्रिया करून अशी पेप्टाइडं काढली. रक्तातल्यांना, म्हणजे हिमोग्लोबिनच्या या तुकड्यांना, हेमॉर्फिन म्हणतात. सर्वांत लहान हेमॉर्फिन चार अमिनो आम्लांचं. त्याचा जोर एन्केफॅलिनपेक्षा बराच कमी. पुढे स्वीडनमध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या रक्तात धावल्यानंतर हेमॉर्फिन-७ वाढलेलं आढळलं.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडल्यावर लोह पुन्हा वापरलं जातं हे ठाऊक होतं. उरलेलं प्रथिन म्हणजे नुसता कचरा असा समज होता. पण तुरीचं कुटार बैलापुढे जातंच, तसं या उरलेल्यालाही काम आहे. मेंढीच्या मेंदूत १९९७ मध्ये दहा अमिनो आम्लांचं एलव्हीव्ही-हेमॉर्फिन-७ मिळालं. अँजिओटेन्सिन-४ हे पेप्टाइड जिथे चिकटतं त्याच जागी ते बसतं, आणि ती जागा म्हणजे पेप्टाइडं तोडणारं एक विकर आहे हे मेलबर्नच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं. हे विकर अडवल्यावर प्रयोगातल्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारली.

खरा वाद मात्र वेगळाच होता. मेंदू वाटताना त्यात रक्त राहिलंच, तर सापडलेला तुकडा मेंदूचा कशावरून? माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. २००९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की डोपामाइन बनवणाऱ्या काही चेतापेशी स्वतःच ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा प्रथिन-भाग) तयार करतात. म्हणजे मेंदूतलं सगळं ग्लोबिन बाहेरून आलेलं नाही. पण तुकडा नमुना तयार करतानाच निर्माण होऊ शकतो, अशी उलट बाजूही आहे. ब्राझीलमध्ये २००३ साली हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीतून नऊ अमिनो आम्लांचं हेमोप्रेसिन मिळालं, आणि ते गांजा जिथे चिकटतो त्या ग्राहीवर, सीबी-१ वर, काम करतं हे २००७ मध्ये कळलं. पण त्या तुकड्याच्या टोकाशी अ‍ॅस्पार्टिक आम्ल-प्रोलीन असा जोड आहे, आणि तो गरम आम्लात आपोआप तुटतो. नमुना तयार करताना गरम आम्ल वापरल्यामुळेच तो छोटा तुकडा निर्माण झाला असावा, असा आक्षेप पुढे आला. मेंदूत मुळात असलेलं पेप्टाइड म्हणून आता जरा लांब, बारा अमिनो आम्लांच्या आरव्हीडी-हेमोप्रेसिनकडे पाहतात.

सिकलसेलचं काय? त्यातला बदल हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या, बीटा साखळीच्या सहाव्या जागी असतो, ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलीन. एलव्हीव्ही-हेमॉर्फिन-७ चा भाग ३२ ते ४१ या जागांवर आहे, म्हणून तो एसएस रुग्णाच्या साखळीतही जसाच्या तसा असतो. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाने वाढणाऱ्या गर्भीय हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीतही हाच भाग आहे. मात्र सिकलसेलच्या कळांवर हेमॉर्फिनचं कोणतंही मान्यताप्राप्त औषध नाही. तशी गोळी कुणी विकायला आणली, तर ती घेऊ नका आणि हायड्रॉक्सीयुरिया बंद करू नका.