'एकास एक': पूर्व जर्मनीचे १९९० साल

बर्लिनची भिंत नोव्हेंबरात आठवली जाते आणि जर्मनीचे एकीकरण ३ ऑक्टोबरला. पूर्व जर्मनीतल्या घराघरांत मात्र जी तारीख खऱ्या अर्थाने पोचली, ती १ जुलै १९९०. त्या रविवारपासून देश, संसद आणि सरकार स्वतःचेच राहिले आणि पैसा शेजारच्या देशाचा झाला.

१९४९ची फाळणी आणि १९६१ची भिंत सर्वांना ठाऊक आहे. १९९० उजाडले तेव्हा भिंत खुली होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि रोज दोनेक हजार माणसे बाडबिस्तरा गुंडाळून पश्चिमेला जात होती. पूर्वेच्या लाइपझिग शहरातल्या मोर्चांत पश्चिमेच्या चलनाची, डी-मार्कची, घोषणा घुमत होती, "डी-मार्क आला तर आम्ही राहू, नाही आला तर आम्ही त्याच्याकडे जाऊ." पश्चिमेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ६ फेब्रुवारीला पूर्व बर्लिनमध्ये होते. सामाईक चलनाची वेळ अजून आलेली नाही, असे ते तिथे पत्रकारांना सांगत होते आणि त्याच दिवशी पश्चिमेच्या राजधानीत, बॉनमध्ये, तिथल्या चॅन्सलरांनी तो प्रस्ताव जाहीरही करून टाकला. १८ मार्चच्या निवडणुकीत ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. एकीकरण झटपट हवे म्हणणाऱ्या आघाडीला ४८ टक्के मते पडली.

मग प्रश्न उरला दराचा: पूर्वेच्या किती मार्कांना एक डी-मार्क द्यायचा? त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

'एकास एक' हा शब्दप्रयोग इतका रुळला की सगळाच पैसा त्या दराने बदलला, असा समज झाला. प्रत्यक्षात पगार, निवृत्तिवेतन आणि घरभाडे एकास एक होते. बचतीला वयानुसार मर्यादा होती: चौदा वर्षांपर्यंत २,००० मार्क, त्यापुढे साठीच्या आत ४,००० आणि साठी ओलांडलेल्यांना ६,००० मार्क. त्यावरची रक्कम आणि सगळी कर्जे दोनास एक. देशाबाहेर राहणाऱ्यांनी १९८९ नंतर जमवलेल्या पूर्वेच्या मार्कांना तीनास एक. सगळा हिशोब केला तर सरासरी दर साधारण १.८ला एक असा निघतो.

मध्यवर्ती बँकेची शिफारस पगारांसाठीही दोनास एकची होती. ती एप्रिलच्या सुरुवातीला बाहेर फुटली आणि पूर्वेची शहरे रस्त्यावर उतरली. एकास एक धरूनही पूर्वेचा पगार पश्चिमेच्या जेमतेम एकतृतीयांश होता. तो आणखी निम्मा केला असता, तर उघड्या सीमेतून किती माणसे थांबली असती? अर्थशास्त्रज्ञ या दराला आर्थिक आत्मघात म्हणतात. मला ते पटत नाही. पगारांच्या बाबतीत सरकारपुढे दुसरी वाट नव्हती.

कारखान्यांची बाजू मात्र खरी आहे. निर्यातीतून एक डी-मार्क मिळवायला १९८९मध्ये पूर्वेचे ४.४० मार्क खर्ची पडत. त्या मालाची किंमत एका रात्रीत चौपट झाली. सोव्हिएत गटातली गिऱ्हाइके रुबलच्या हिशोबात माल घेत. त्यांना १९९१पासून परकीय चलन मोजावे लागणार होते, म्हणजे तीही तुटणार होती. औद्योगिक उत्पादन १९९०च्या अखेरीस निम्म्याच्या आसपास आले.

पण टाळता आली असती अशी चूक वेगळीच होती आणि तिची चर्चा फार कमी होते. नियोजित अर्थव्यवस्थेत कारखान्याचा नफा सरकार काढून घेई आणि नव्या यंत्रांसाठी लागणारा पैसा त्यालाच 'कर्ज' म्हणून देई. ती निव्वळ वहीतली नोंद होती. १ जुलैला ती दोनास एक दराने खऱ्या कर्जात बदलली आणि तिला बाजारभावाने व्याज लागले. मालाला गिऱ्हाईक नाही आणि मानेवर कधीही न मागितलेले कर्ज, अशा अवस्थेत हे कारखाने विक्रीला निघाले.

२ जुलैच्या सोमवारी दुकानांच्या फळ्या पश्चिमेच्या मालाने भरल्या होत्या आणि पूर्वेतल्याच शेतकऱ्यांच्या दूध-अंड्यांना जागा नव्हती. नोटा गेल्या, पण पश्चिमेची सुटी नाणी पुरेशी नसल्याने पूर्वेचे ५० फेनिगपर्यंतचे (शंभर फेनिगांचा एक मार्क) चिल्लर ३० जून १९९१पर्यंत चालू राहिले. त्यातली बहुतेक नाणी ॲल्युमिनियमची, हातावर वजन न जाणवणारी. देश नकाशावरून गेल्यावरही नऊ महिने ती गल्ल्यात पडत होती. बाद नोटा हाल्बरश्टाटजवळच्या बोगद्यांत पुरल्या गेल्या. चोरांनी त्या उकरायला सुरुवात केल्यावर २००२मध्ये त्या बाहेर काढून जाळाव्या लागल्या.

पुढचे सगळे चलनामागून आले. २३ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर पूर्वेच्या संसदेने २९४ विरुद्ध ६२ मतांनी पश्चिमेच्या राज्यघटनेच्या कलम २३खाली 'प्रवेश' मंजूर केला. कलम १४६ने दोघांनी मिळून नवी घटना लिहिण्याची वाट ठेवली होती, ती सोडून दिली गेली. मराठीत आपण सरसकट एकीकरण म्हणतो. जे घडले त्याला विलीनीकरण हा शब्द जास्त जवळचा आहे.

कारखाने विकणाऱ्या सरकारी विश्वस्त संस्थेने १९९४अखेर काम आटोपले, तेव्हा विक्रीतून पैसा उरण्याऐवजी २०० अब्ज डी-मार्कहून अधिक तूट मागे राहिली. पगारांतले अंतर आजही पूर्ण बुजलेले नाही. निवृत्तिवेतन मोजण्याचे एकक पूर्वेला आणि पश्चिमेला सारखे झाले, ते १ जुलै २०२३ रोजी.