सोलापूरची एकत्र घरं, वाटणी आणि बहिणीची सही

‘एकत्र कुटुंब मोडलं’ असं म्हणताना आपण भावांच्या भांडणाकडे, सुनेच्या स्वभावाकडे बोट दाखवतो. पण सोलापूरच्या पूर्व भागात एकत्र राहणं ही आधी कामाची गरज होती. निजामाच्या मुलखातून आलेली तेलुगू विणकर घरं मागाभोवती नांदली. पुरुष मागावर, बायका-पोरं सुताच्या कांड्या भरायला. मुलगा वेगळा निघाला की मागावरचे हात कमी व्हायचे. १८७०च्या दशकात पहिली कापड गिरणी निघाली आणि घरात पगारदार माणूस आला, तरी घर फुटलं नाही. गावाकडचा भाऊ त्याच खोलीत उतरायचा नि तिथंच राहायचा.

उद्योग आले की कुटुंब आपोआप नवरा-बायको-मुलांपुरतं उरतं, असं पाश्चात्त्य समाजशास्त्रात बराच काळ मानलं गेलं. आपल्याकडे १९५३ साली पुण्यातून मांडलेली एकत्र कुटुंबाची व्याख्या वेगळ्या अंगाने गेली: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, एकत्र देवकार्य. पुढे गुजरातेतल्या अभ्यासांनी दाखवलं की चुली वेगळ्या झाल्या तरी मालमत्ता आणि एकमेकांची जबाबदारी सामाईक राहते. सोलापूरला हेच जास्त लागू पडतं. रेशनकार्ड विभक्त केलेले भाऊ पुतणीच्या लग्नाचं कर्ज मिळून फेडतात.

घराचा तोल खरा हलला तो विडीमुळे. पानं-तंबाखू आणून घरी विड्या वळायच्या, हजारामागे मजुरी घ्यायची, हे काम बायकांचं. गिरण्या एकेक करून बंद पडल्यावर कित्येक घरांत हीच कमाई भरवशाची उरली. पुढे सोलापूरजवळच्या कुंभारीला महिला विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. सासूच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणं ही काही थोडी गोष्ट नव्हे. ‘बायका वेगळं राहायला लागल्या’ म्हणणारे त्यांच्या वळलेल्या विड्या मोजत नाहीत.

तरीही स्वतःचं ठरवायची मोकळीक अडते ती मालमत्तेपाशी. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहहिस्सेदार फक्त मुलगेच राहिले. आंध्रने १९८६ मध्ये मुलींनाही सहहिस्सेदार करणारी दुरुस्ती केली, त्यामुळे सोलापुरातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरांच्या तेव्हा आंध्रातच असलेल्या तेलंगणातल्या सोयऱ्यांकडे मुलींना हक्क आधी मिळाला. महाराष्ट्राचा कायदा आला १९९४ मध्ये, आणि त्यात एक अट होती: २२ जून १९९४पूर्वी जिचं लग्न झालं, तिला हक्क नाही. एकाच आईच्या दोघी मुली. थोरलीचं लग्न त्या वर्षीच्या वैशाखात झालं म्हणून ती बाहेर, धाकटीचं दिवाळीनंतर ठरलं म्हणून ती आत. ही रेघ अन्यायाची होती, असं मला स्पष्ट वाटतं. लग्न झालेली मुलगी ‘परक्या घरची’ या समजुतीवर सरकारने तारखेचा शिक्का मारला होता.

९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट काढली. मग वाद लागला तो वडील त्या दिवशी हयात असायला हवेत का, यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हो म्हटलं, २०१८च्या निकालात उलटा सूर निघाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी गुंता सुटला: हक्क जन्माने मिळतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. त्याच निकालाने तोंडी वाटणीचा दावा अपवाद वगळता अमान्य ठरवला. चार माणसांसमोर ‘हा माग तुझा, ती खोली त्याची’ असं ठरवून मोकळ्या झालेल्या घरांना ही गोष्ट जड गेली.

कायदा बदलला, पण बहीण दुय्यम निबंधकांच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करतच राहिली. हक्कसोड ही तिची निवड की तिच्यावरचा दाब? ती ‘मी राजीखुशीने सोडलं’ म्हणते, आणि ते खोटं नसतं. पंचमीला बोलावणं यावं, बाळंतपणाला हक्काची जागा असावी, नवऱ्याने टाकलं तर भावाचं दार उघडं असावं, यासाठी ती वाटा देऊन माहेर राखते. युरोपात १९९०च्या सुमारास ‘माणूस आता आपलं आयुष्य स्वतः बेततो’ अशी मांडणी झाली, तिच्यामागे सरकारी पेन्शन नि बेकारभत्ता होता. आपल्याकडे तो आधार भाऊच देतो, म्हणून त्याच्याशी वैर परवडत नाही. अभ्यासकांनी याला नुसती परंपरा म्हणून सोडून देऊ नये.

लग्नाच्या निवडीचंही तसंच. १९५४चा विशेष विवाह कायदा जातीबाहेरच्या लग्नाला वाट देतो, पण लग्नाआधीची तीस दिवसांची जाहीर नोटीस घरच्यांना सावध करायला पुरते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तीच्या निवडीत घराला, जातीला दखल देता येणार नाही असं म्हटलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला नोटिसीचा महिना निभावणं जमू शकतं. पूर्व भागात आईबरोबर विड्या वळणारीला त्या महिन्यात झोपायला दुसरं छप्पर नसतं.

आता जुनी घरं पाडून इमारती उठू लागल्या की बँक आणि बिल्डर सगळ्या वारसांच्या सह्या मागतात. त्यामुळे वीस-तीस वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या बहिणींना भाऊ फोन करतात, आणि काही जणी सही करण्याआधी कागद वाचायला मागतात.