माजी सैनिकाचा राग हा केवळ स्वभाव नव्हे

अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण खात्याच्या नोंदींनुसार २०२२ साली त्या देशात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. अशा मृत्यूंची चर्चा करताना नैराश्य आणि व्यसन यांचा विचार होतो. राग मात्र ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून दिला जातो. ही गफलत जिवावर बेतू शकते.

रणांगणावर धोका क्षणार्धात हेरून त्यावर तुटून पडणाराच वाचतो. युद्धाच्या आघातातून तणावविकार जडला, की ही सावधगिरी घरी आल्यावरही शमत नाही, असे क्लॉड केमटोब आणि रेमंड नोव्हाको या मानसशास्त्रज्ञांनी मांडले. मग हातातून ताट निसटले तरी आवाज चढतो. ‘उशीर का झाला?’ एवढ्या विचारण्यातही आरोप ऐकू येतो. पत्नी शब्द तोलूनमापून बोलू लागते, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवते, आणि पुढे बोलणेच टाळते. राग ओसरल्यावर त्याला उरते ती शरम.

मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांच्या सिद्धान्तानुसार, आपले कोणी नाही आणि आपण घरच्यांना भार झालो आहोत, या दोन भावना एकवटल्या की मरणाची इच्छा बळावते. मृत्यूचे भय बोथट झालेले असेल, तर ती कृतीत उतरण्याचा धोका वाढतो. ते भय युद्धाने आधीच बोथट केलेले असते, आणि उरलेल्या दोन्ही भावनांना रोजची भांडणे खतपाणी घालतात. म्हणून आत्महत्येचा धोका तपासताना डॉक्टरांनी रागाविषयी आणि घरातल्या नात्यांविषयीही आवर्जून विचारावे, असे मला ठामपणे वाटते. अर्थात, जोडीदाराने मारहाण सोसावी असा याचा अर्थ मुळीच नाही. तिची सुरक्षितता आधी.

उपचार आहेत. कँडिस मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ४० जोडप्यांचा समावेश होता. एकत्र उपचार घेतलेल्या जोडप्यांमध्ये रुग्णाच्या तणावविकाराची लक्षणे घटली आणि त्याचे नात्यातील समाधान वाढले. ती चाचणी आत्महत्येविषयीची नव्हती, तरी जोडीदाराला उपचारांत सामील करून घेण्याला तिने आधार दिला. संकटाच्या काळात घरातले शस्त्र दूर ठेवणेही तितकेच मोलाचे आहे. इस्रायली लष्कराने २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांनी शस्त्रे तळावरच ठेवावीत असे धोरण आखले, त्यानंतर सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या.

सातारा-कोल्हापूरकडे गावोगावी माजी सैनिकांची कुटुंबे आहेत. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि तो फोन पत्नीनेही करावा.