डाएट चार्ट देण्याआधी

लग्नाच्या पंगतीत नववीतल्या मुलीच्या पानात दुसरी जिलबी पडते आणि मावशी सगळ्यांदेखत म्हणते, "अगं, किती सुटलीयस! जरा तोंडावर ताबा ठेव." मुलगी कसनुसं हसते, जिलबी बाजूला सारते. रात्री घरी सगळे झोपल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या फरसाणाचा अर्धा डबा संपवते. सकाळी आईला डबा दिसतो. मुलीचा उतरलेला चेहरा दिसतोच असं नाही.

किशोरवयातलं नैराश्य नेहमी रडण्यातून बाहेर पडत नाही. चिडचिड, रात्रीचं जागरण, मित्रमैत्रिणींना टाळणं, कधी भूक मरणं तर कधी उगाच खात राहणं, अशी त्याची रूपं असतात. घरात त्याला आपण आळस म्हणतो, नाहीतर मोबाईलचं वेड. अमेरिकेतल्या नऊ हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्यांचं मन खचलेलं होतं, त्यांच्यात वर्षभरानंतर लठ्ठपणा आढळण्याची शक्यता साधारण दुप्पट होती. उलट दिशेनेही हे घडतं. २०१० मध्ये डच संशोधकांनी १५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे दीडपट दिसली.

यात शरीराचाही हात आहे. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं राहू शकतं. मग गोड-तळलेलं खावंसं वाटतं आणि पोटावर चरबी साठते. ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. त्यात झोप बिघडली की भूक आणखी वाढते. पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड, असलेल्या मुलींना वजन आणि उदासी दोन्हींचा त्रास जास्त होतो. मनाच्या आजारावरची काही औषधंही भूक वाढवतात. तसं वाटलं तर डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं, पण परस्पर बंद करू नये.

म्हणूनच नुसता डाएट चार्ट हातात देणं मला पटत नाही. खचलेल्या मुलीला तो पाळता येत नाही आणि 'मला एवढंही जमत नाही' ही बोचणी तेवढी वाढते. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्रौढांसाठी वेगळी वाट धरली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक, जे डॉक्टर नव्हते, नैराश्यातल्या माणसांना आवडीची छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायला मदत करत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा चांगला गुण दिसला. उमेद येण्याची वाट न पाहता आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. मुलांच्या बाबतीत हे सूत्र मला फार मोलाचं वाटतं, कारण मैत्रिणीबरोबर सायकलवर मारलेली एक फेरी मनालाही लागू पडते आणि शरीरालाही. पावलं मोजायची नाहीत, काट्यावर रोज उभं करायचं नाही. जेवण सगळ्या घराचं बदलायचं, तिचं एकटीचं ताट वेगळं काढायचं नाही.

आणि वजनाबद्दल बोलण्याआधी, दोघंच असताना, विचारायचं, "पूर्वी आवडायचं ते हल्ली नकोसं होतं का गं?" दोन आठवड्यांहून जास्त काळ तसं होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जगणंच नको वाटतं असं ती म्हणाली, तर तिला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, तिथे मराठीतही बोलता येतं.