रेव्हन्स १९९६ आणि ब्राउन्स १९९९: यातला नवा संघ नेमका कोणता?

एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगच्या, नोंदींनुसार बॉल्टिमोर रेव्हन्सचा पहिला हंगाम १९९६ चा आणि क्लीव्हलंड ब्राउन्सचा १९४६ चा. कागदावर हे अगदी सरळ आहे. मैदानावर मात्र १९९६ साली रेव्हन्सची जर्सी घालून उतरलेले बरेचसे खेळाडू आदल्या वर्षी क्लीव्हलंडकडूनच खेळले होते. आणि १९९९ साली ‘परत आलेल्या’ ब्राउन्सकडे वर्षभर आधी एकही खेळाडू नव्हता, प्रशिक्षकही नव्हता. म्हणजे ज्याला नोंदवही नवा म्हणते तो चालता संघ होता, आणि ज्याला जुना म्हणते तो शून्यातून उभा केलेला होता. या दोन हंगामांची सरमिसळ इतकी होते की ‘रेव्हन्सनी पाचव्याच वर्षी सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला’ आणि ‘ब्राउन्सना इतक्या दशकांत काही जमलं नाही’ ही दोन्ही वाक्यं लोक सहज बोलून जातात. दोन्हीत हिशेब चुकतो.

हे असं झालं कसं, ते आधी बघू. ६ नोव्हेंबर १९९५ ला ब्राउन्सचे मालक आर्ट मॉडेल यांनी बॉल्टिमोरमध्ये जाहीर केलं की संघ तिकडे हलवतोय. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी जुन्या स्टेडियमच्या डागडुजीसाठी दारू-तंबाखूवरचा कर पुढे चालू ठेवायला भरघोस बहुमताने मान्यता दिली. लोक संघासाठी पैसे द्यायला तयार होते, पण मॉडेल यांचा करार होऊन गेला होता. १७ डिसेंबरला सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध क्लीव्हलंडमधला शेवटचा सामना झाला. ब्राउन्सनी तो २६-१० असा जिंकला. प्रेक्षकांनी खुर्च्या उखडून मैदानात भिरकावल्या, आणि सामना संपल्यावर खेळाडू ‘डॉग पाउंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टँडकडे धावत जाऊन लोकांच्या गळ्यात पडले.

शहर कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली आणि तिथे एक अजब वाटणी झाली. भावाभावांच्या वाटणीत एकाने घरातली सगळी माणसं आणि गुरंढोरं न्यावीत आणि दुसऱ्याकडे आडनाव, कुलदैवत आणि वंशावळ राहावी, तसं काहीसं. खेळाडू, त्यांचे करार, कर्मचारी आणि ड्राफ्टमधले (कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले) हक्क मॉडेल यांच्याबरोबर बॉल्टिमोरला गेले. नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि सगळे विक्रम क्लीव्हलंडला राहिले. शिवाय नवं स्टेडियम उभं राहील आणि १९९९ पर्यंत संघ परत मिळेल असं लीगने कबूल केलं.

या वाटणीचं महत्त्व कळायला बॉल्टिमोरचंच उदाहरण पुरेसं आहे. मार्च १९८४ मध्ये बॉल्टिमोर कोल्ट्स रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेले आणि जाताना सगळा इतिहासही घेऊन गेले. कोल्ट्सचे खेळाडू जॉनी युनायटस हे बॉल्टिमोरचं दैवत. त्यांचे विक्रम आजही इंडियानापोलिसच्या खात्यावर आहेत. युनायटस यांना ते कधीच मान्य झालं नाही. पुढे ते रेव्हन्सच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभे दिसत, आणि आज त्यांचा पुतळा रेव्हन्सच्या स्टेडियमबाहेर आहे. १९९७ मध्ये ह्यूस्टनचे ऑइलर्स टेनेसीला गेले, त्यांचाही इतिहास त्यांच्यासोबत गेला. क्लीव्हलंडने भांडून जे मिळवलं ते बॉल्टिमोरला आणि ह्यूस्टनला मिळालं नाही. मला ते भांडण योग्यच वाटतं. पन्नास वर्षं ज्या शहराने संघ डोक्यावर घेतला, त्याच्या आठवणी एका मालकाच्या करारात विकल्या जाऊ नयेत.

पण इतिहास कोणाचा हा एक प्रश्न आहे आणि पहिल्या हंगामात संघाच्या हातात काय होतं हा दुसरा. गोंधळ होतो तो हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे.

आता रेव्हन्स. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना मॉडेल यांनी काढून टाकलं होतं. त्यांच्या जागी टेड मार्चिब्रोडा आले. सत्तरच्या दशकात बॉल्टिमोर कोल्ट्सचे प्रशिक्षक तेच होते, त्यामुळे गावाला चेहरा ओळखीचा होता. नाव वाचकांच्या मतदानातून ठरलं, एडगर ॲलन पो यांच्या कावळ्यावरच्या कवितेवरून; पो वारले बॉल्टिमोरमध्ये आणि त्यांची कबरही तिथेच आहे. जर्सी नवी, रंग जांभळा-काळा, स्टेडियम मात्र कोल्ट्सचंच जुनं मेमोरियल स्टेडियम. बँडसुद्धा कोल्ट्सचाच. संघ निघून गेल्यावरही त्या वाजवणाऱ्यांनी बारा वर्षं बँड मोडू दिला नव्हता.

हे सगळं बाहेरचं. आत बघितलं तर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) विनी टेस्टावर्डी १९९३ पासून क्लीव्हलंडला होता. मायकेल जॅक्सन आणि डेरिक अलेक्झांडर हे त्याचे दोन मुख्य रिसीव्हर, म्हणजे त्याने फेकलेला चेंडू झेलणारे, क्लीव्हलंडनेच ड्राफ्टमध्ये निवडलेले. किकर मॅट स्टोव्हर तिथलाच. खेळाडू निवडण्याची जबाबदारी ओझी न्यूसम यांच्याकडे, आणि ते स्वतः ब्राउन्सचे नावाजलेले माजी खेळाडू. १ सप्टेंबर १९९६ ला रेव्हन्सनी ओकलंड रेडर्सना १९-१४ असं हरवलं. संघाचा पहिला टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) टेस्टावर्डीने स्वतः पळत जाऊन केला. सलामीच्या सामन्यात नवख्यांचा गोंधळ कुठे दिसला नाही, कारण ही माणसं एकमेकांना ओळखत होती.

एक गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. एप्रिल १९९६ च्या ड्राफ्टमध्ये रेव्हन्सकडे पहिल्या फेरीत दोन निवडी होत्या. चौथ्या क्रमांकावर त्यांनी जोनाथन ऑग्डेन घेतला. ही निवड मिळाली ती क्लीव्हलंडच्या ५-११ (पाच विजय, अकरा पराभव) अशा वाईट हंगामामुळे, कारण तळाच्या संघांना आधी निवड मिळते. सव्विसाव्या क्रमांकावर घेतला रे लुइस. ही निवड तर १९९५ मध्ये ब्राउन्सनी सॅन फ्रान्सिस्कोशी केलेल्या अदलाबदलीतून आली होती. क्लीव्हलंडने आपला वरचा क्रमांक त्यांना दिला आणि बदल्यात ज्या गोष्टी घेतल्या, त्यांत पुढच्या वर्षीची ही पहिल्या फेरीतली निवड होती. ऑग्डेन आणि लुइस दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. रेव्हन्सच्या पुढच्या दशकाचा पाया ज्यांनी घातला, त्या दोघांना घ्यायचा हक्क क्लीव्हलंडमध्ये कमावलेला होता.

तरीही पहिला हंगाम ४-१२ असाच गेला. टेस्टावर्डीने ४,१७७ यार्ड आणि ३३ टचडाउन फेकले, जॅक्सनने त्यातले १४ झेलले, आणि जॅक्सन व अलेक्झांडर दोघांनीही हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. आक्रमण लीगमधल्या चांगल्यांपैकी होतं. बचाव मात्र गळका होता: ३७१ गुण केले, ४४१ दिले. नंतर लुइसच्या जोरावर दरारा कमावलेला रेव्हन्सचा बचाव पहिल्या वर्षी हरण्याचं कारण होता, हे वाचताना आजही विचित्र वाटतं.

ब्राउन्सची गोष्ट सगळ्याच बाबतीत उलट. सप्टेंबर १९९८ मध्ये अल लर्नर यांनी ५३ कोटी डॉलर मोजून संघ घेतला. हेच लर्नर मॉडेल यांच्या जुन्या ब्राउन्समध्ये छोटे भागीदार होते. पहिला सामना बरोबर वर्षभरावर आला होता. कॅरोलायना पँथर्स आणि जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या दोन संघांना १९९३ च्या शेवटी मान्यता मिळून १९९५ च्या हंगामापर्यंत तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती. ब्राउन्सना त्याच्या निम्माच वेळ मिळाला. मान्यता देण्यात झालेली ती दिरंगाई लीगची होती आणि तिची किंमत संघाने मोजली, असं माझं ठाम मत आहे.

खेळाडू आले कुठून? फेब्रुवारी १९९९ मध्ये ओहायोतल्याच कँटनमध्ये एक्स्पान्शन ड्राफ्ट झाला. बाकीच्या ३० संघांनी प्रत्येकी पाच खेळाडू मोकळे सोडायचे आणि त्यांतून ब्राउन्सनी वेचायचे. कुठलाही संघ आपले चांगले पाच सोडत नाही. कोणी दुखापतीतला, कोणी उतारवयातला, कोणी संघाला न परवडणाऱ्या पगाराचा. पहिली निवड होती डेट्रॉइट लायन्सचा जिम पाइन. एकूण ३७ जण घेतले. मग एप्रिलच्या नेहमीच्या ड्राफ्टमध्ये अगदी पहिल्या क्रमांकावर केंटकी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टिम काउच, आणि दुसऱ्या फेरीत रिसीव्हर केव्हिन जॉन्सन.

१२ सप्टेंबर १९९९ ची रात्र. जुनं स्टेडियम पाडून त्याच जागेवर बांधलेलं नवं स्टेडियम, समोर कट्टर प्रतिस्पर्धी पिट्सबर्ग स्टीलर्स, आणि तीन वर्षं वाट बघितलेलं शहर. निकाल ४३-०, स्टीलर्सच्या बाजूने. पण त्या रात्रीचा खरा हाल या आकड्यापेक्षा दुसऱ्या दोन आकड्यांत आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की ‘फर्स्ट डाउन’ मिळतो, म्हणजे पुन्हा चार प्रयत्न. साधारण सामन्यात संघाला असे पंधरा-वीस तरी मिळतात. ब्राउन्सना अख्ख्या सामन्यात दोन मिळाले, आणि आक्रमण सगळं मिळून ४० यार्ड सरकलं. अनुभवी टाय डेटमरने सुरुवात केली होती. दुसऱ्या सामन्यापासून काउचला उभं केलं. त्याच्यापुढे ढाल म्हणून उभी राहणारी फळी काही महिन्यांत जमवलेली, त्यामुळे हंगामभरात तो ५६ वेळा चेंडूसकट आडवा झाला.

पहिले सातही सामने हरल्यावर ३१ ऑक्टोबरला न्यू ऑर्लीन्समध्ये पहिला विजय आला, आणि तोसुद्धा घड्याळ संपताना. १६-१४ असे मागे असताना काउचने ५६ यार्डांवरून चेंडू आभाळात भिरकावला, तो बचाव करणाऱ्यांच्या हाताला लागून उडाला आणि जॉन्सनने कोपऱ्यात झेलला. २१-१६. दोन आठवड्यांनी ज्या स्टीलर्सनी ४३-० असं चिरडलं होतं, त्यांनाच त्यांच्या गावात जाऊन १६-१५ ने हरवलं. शेवटच्या क्षणी फिल डॉसनने फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून घातला. हंगामातले विजय एवढेच. २-१४.

आता दोघांचे आकडे शेजारी ठेवा. रेव्हन्सनी ४४१ गुण दिले, ब्राउन्सनी ४३७. बचाव दोघांचाही जवळपास सारखाच फसला. फरक केलेल्या गुणांत आहे: ३७१ आणि २१७. बचावातली भोकं एखाद्या वर्षी कुठल्याही मुरलेल्या संघालाही पडतात. पण सरावाने एकमेकांत बसलेलं आक्रमण वर्षभरात विकत घेता येत नाही. क्वार्टरबॅकला रिसीव्हर कुठे वळणार हे न बघता कळावं लागतं. टेस्टावर्डीला ते क्लीव्हलंडमध्येच कळलं होतं. काउच आणि जॉन्सन त्याच वर्षी लीगमध्ये आलेले.

म्हणूनच नुसत्या जय-पराजयावरून नवा संघ ओळखू नये. २००२ साली ह्यूस्टन टेक्सन्स सर्व अर्थांनी नवे होते, तेही ४-१२ वर थांबले, रेव्हन्ससारखेच. पण त्यांनी केले २१३ गुण, म्हणजे ब्राउन्सच्या आसपास, आणि त्यांचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार ७६ वेळा आडवा झाला, जो लीगचा विक्रम आहे. पहिला सामना मात्र त्यांनी डॅलस काउबॉइजविरुद्ध १९-१० असा जिंकला होता. ४-१२ हा आकडा एकच, पण संघ दोन वेगळ्या जातीचे. उलट १९९५ चे पँथर्स तेवढेच कोरे असून ७-९ वर गेले. तयारीला मिळालेला वेळ तिथे उपयोगी पडला.

रेव्हन्स आणि ब्राउन्स या दोन्ही संघांत एक माणूस सारखा दिसतो. ओर्लँडो ब्राउन हा धिप्पाड टॅकल (क्वार्टरबॅकपुढच्या फळीतला खेळाडू) १९९५ पर्यंत जुन्या ब्राउन्समध्ये होता, संघाबरोबर बॉल्टिमोरला गेला, तिथे तीन हंगाम खेळला आणि १९९९ मध्ये नव्या ब्राउन्सकडे आला. त्या डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध पंचाने नियमभंग दाखवायला फेकलेला, वजनासाठी छर्रे भरलेला झेंडा त्याच्या उजव्या डोळ्यात लागला. संतापून त्याने पंचाला ढकलून पाडलं. लीगने आधी निलंबन केलं, मग दुखापत किती गंभीर आहे ते कळलं. तीन हंगाम गेले. २००३ मध्ये तो परत खेळला तो रेव्हन्सकडून. याला ‘ब्राउन्समध्ये परतलेला’ खेळाडू म्हणायचं का? नोंदवही हो म्हणते. १९९९ च्या ड्रेसिंग रूममध्ये १९९५ च्या ओळखीचे चेहरे त्याला फारसे दिसले नसणार.

सुपर बोलचा हिशेबही असाच लावावा. २८ जानेवारी २००१ ला रेव्हन्सनी न्यूयॉर्क जायंट्सना ३४-७ असं हरवलं, तेव्हा नोंदींप्रमाणे तो त्यांचा पाचवा हंगाम होता. कोऱ्या संघाने पाच वर्षांत शिखर गाठल्याची ही गोष्ट नव्हे. त्या संघात स्टोव्हर आणि रॉब बर्नेट हे १९९५ चे क्लीव्हलंडकर होते, आणि ऑग्डेन-लुइस वर सांगितलेल्या वाटेने आलेले. त्याच वेळी हेही म्हणायला हवं की बाकीचा संघ न्यूसम यांनी बॉल्टिमोरमध्ये बसून वर्षानुवर्षं बांधला. ते श्रेय क्लीव्हलंडच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही.

आणि ब्राउन्सबद्दल बोलताना १९६४ चं अजिंक्यपद (ते बॉल्टिमोर कोल्ट्सनाच २७-० ने हरवून मिळालं होतं) आणि २०१७ चा ०-१६ हंगाम एका दमात सांगितले जातात. चाहत्यांनी तसं सांगायला काहीच हरकत नाही, दोन्ही दिवस त्यांनीच काढलेत. पण संघव्यवस्थेला गुण-दोष द्यायचे असतील तर मोजणी १९९९ पासून सुरू करा.