स्थावर संपदा एजंटाची चारित्र्य व पार्श्वभूमी पडताळणी (सातारा जिल्हा)

घर, गाळा किंवा प्लॉट यांच्या विक्रीत मध्यस्थी करू इच्छिणाऱ्या व्यक्तीला नोंदणी देण्यापूर्वी तिची ओळख, आर्थिक व्यवहार आणि तिच्यावरील खटले तपासण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात ही नोंदणी महारेरा म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण करते. साताऱ्यात बोलताना तिला सरसकट ‘रेराचं लायसन’ म्हणतात.

केंद्राचा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम 2016 साली झाला आणि 1 मे 2017 पासून पूर्णपणे अंमलात आला. त्याआधी साताऱ्यात जमिनीचा एजंट व्हायला ओळखीपाळखी आणि फोन एवढे पुरे होते. कायद्याने एजंटाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे : दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर, नाव काहीही असो, मोबदला घेऊन खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारा तो एजंट. गोडोलीत पाटी लावून बसलेला कार्यालयवाला त्यात येतो आणि वाढे फाट्यावर चहाच्या टपरीवरून गिऱ्हाईक जोडून देणारा माणूसही येतो. नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट वा फ्लॅट बिल्डरच्या वतीने विकून द्यायचा, तर कलम 9 प्रमाणे दोघांनाही नोंदणी हवी. ती न घेता धंदा केल्यास कलम 62 खाली दररोज दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्के आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यात छायाचित्र, पॅन, धंद्याच्या जागेचा पुरावा, आयकर विवरणपत्रे आणि प्रलंबित दिवाणी व फौजदारी प्रकरणांची माहिती द्यावी लागते. अर्जदार भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर भागीदार व संचालकांचीही माहिती लागते. नोंदणी पाच वर्षांसाठी असते आणि एकदा मिळाली की साऱ्या राज्यात चालते.

या पडताळणीचा पाया स्वयंघोषणा आहे. अर्जदार जे सांगेल त्यावर भिस्त ठेवली जाते. कलम 9 मध्ये ‘चारित्र्य’ हा निकष नाही आणि पोलिसांच्या दाखल्याचाही उल्लेख नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 26 नुसार प्राधिकरणाचा अध्यक्ष किंवा सदस्य नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याला पदावरून दूर करता येते. बिल्डरला कलम 4 खाली मागच्या पाच वर्षांतले प्रकल्प, त्यांचा विलंब आणि त्यांवरील खटले उघड करावे लागतात. विसाराची रक्कम बहुतेक वेळा ज्याच्या हाती पहिल्यांदा पडते, त्या एजंटाला मात्र एवढी कडक चाळण नाही. ही या कायद्यातली खरी उणीव आहे.

पोलिसांचा दाखला मिळवणे अवघड नाही. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी राज्यभर ऑनलाइन अर्ज करता येतो. स्थानिक पोलीस ठाणे अभिलेख तपासते आणि साताऱ्यात पोलीस आयुक्तालय नसल्याने प्रमाणपत्र जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातून मिळते. सुरक्षारक्षकाच्या नोकरीला हा कागद मागितला जातो. लाखोंचा व्यवहार जुळवणाऱ्याकडेही तो मागायला हरकत नसावी.

अमेरिकेत ही चाळण बरीच पुढे गेली आहे. कॅलिफोर्नियात अर्जदाराच्या बोटांचे ठसे घेऊन गुन्ह्यांची नोंद पाहिली जाते. टेक्सासमध्ये प्रामाणिकपणा, विश्वासार्हता आणि सचोटी या तीन गोष्टींबद्दल परवाना मंडळाचे समाधान व्हावे लागते. जुनी शिक्षा झालेल्याला अर्जाआधीच आपली पात्रता विचारून घेता येते. जुन्या चुकीने माणसाचा धंदा कायमचा बंद होऊ नये, म्हणून कॅलिफोर्नियाने 2020 पासून बहुतेक गुन्ह्यांसाठी सात वर्षांची मर्यादा घातली, म्हणजे त्याहून जुन्या शिक्षेवरून परवाना नाकारता येत नाही. त्यात गंभीर गुन्ह्यांना अपवाद आहे.

महाराष्ट्राने भर दिला तो शिक्षणावर. 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने महारेराने एजंटांसाठी वीस तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. मुदतवाढी होऊन ही अट 1 जानेवारी 2024 पासून लागू झाली. यातून ज्ञान तपासले जाते, नियत नाही.

अर्ज फेटाळायचा तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ठरलेल्या मुदतीत काहीच कळवले नाही, तर नोंदणी झाली असे मानले जाते. खोटी माहिती किंवा फसवणूक उघड झाली की नोंदणी रद्द होऊ शकते. कलम 34 प्रमाणे नोंदणी मिळालेल्या एजंटांबरोबरच अर्ज नाकारलेल्यांची व नोंदणी रद्द झालेल्यांचीही नावे छायाचित्रांसह संकेतस्थळावर ठेवायची असतात. खरेदीदाराने ही यादी पाहणे आणि ‘ए’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागणे, ही पडताळणीचीच पुढची पायरी आहे. तक्रार कलम 31 खाली थेट एजंटाविरुद्ध करता येते.

शेतजमीन आणि जुन्या घरांची फेरविक्री या चौकटीबाहेर राहते. साताऱ्यात फसवणुकीला सर्वाधिक वाव तिथेच आहे. जावळी आणि पाटण तालुक्यांतली कितीतरी घरे माथाडी कामासाठी मुंबईला गेली. गावाकडच्या सातबाऱ्यावर चुलत्यापुतण्यांची दहा-वीस नावे लागलेली असतात आणि एकत्र सह्या करायला कोणाला सवड नसते. अशा वेळी एजंट एका वारसाकडून कुलमुखत्यारपत्र घेतो आणि पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाला कासच्या बाजूची जमीन दाखवतो. गिऱ्हाईक शेतकरी नसेल तर कूळकायद्याचे कलम 63 आडवे येते, गुंठ्यांनी तुकडा पाडला तर जमिनीचे फार लहान तुकडे करण्यास मनाई करणारा तुकडेबंदी कायदा, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला बांधकामावर निर्बंध घालणारे 2001 चे पर्यावरण संवेदनक्षेत्र. हे सगळे माहीत असूनही गप्प बसणारा एजंट कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही. तिथे चौकशी होते ती तलाठ्याकडे फेरफार पाहून, शेजारच्या बांधकऱ्याला विचारून, आणि याने आधी ज्यांचे व्यवहार केले त्यांच्या दारी जाऊन.